खोल भूकंपाने शेजारचा मोठा विभंग मोकळा होतो की अधिक ताणला जातो?

तळठाव
गेले काही दिवस एका प्रश्नाने डोक्यात ठाण मांडले आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. जिथे एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली शिरतो तिथे मोठे भूकंप प्रामुख्याने दोन जातींचे होतात. पहिल्या जातीचे भूकंप दोन भूपट्ट ज्या पृष्ठावर एकमेकांना घासतात त्या पृष्ठावर होतात. त्या विभंगाला, म्हणजे जिच्यावर खडक सरकतात त्या भेगेला, मेगाथ्रस्ट म्हणतात. १९६० चा चिलीचा, १९६४ चा अलास्काचा आणि २०११ चा जपानचा महाभूकंप हे सगळे याच जातीचे. दुसऱ्या जातीत खाली चाललेला भूपट्ट स्वतःच्या अंगात तडकतो, आणि ही तडक ५० किलोमीटरपासून थेट ७०० किलोमीटरपर्यंतच्या खोलीवर कुठेही जाऊ शकते.

प्रश्न असा, की दुसऱ्या जातीचा भूकंप झाला म्हणजे शेजारच्या मेगाथ्रस्टचे काय होते? "बरे झाले, तेवढाच ताण निघून गेला," असे लोक म्हणतात आणि माझाही कल तिकडेच आहे. ताण हा विहिरीतल्या पाण्यासारखा असेल, तर कुठूनही उपसा केला तरी पातळी खाली जाणारच. २८ फेब्रुवारी २००१ रोजी सिअॅटलजवळ निस्क्वाली येथे ६.८ चा भूकंप सुमारे ५२ किलोमीटर खोलीवर झाला. शेजारचा कॅस्केडिया मेगाथ्रस्ट २६ जानेवारी १७०० पासून गप्प आहे आणि त्यानंतरही गप्पच राहिला. चुकत असेन तर जरूर दुरुस्त करावे, पण उदाहरण देऊन.

रिकामा_वाफा
विहीर सार्वजनिक आहे असे आपण गृहीत धरले आहे. सातबारा आधी तपासावा.

खडकमाळ
रिकामा_वाफा यांनी थट्टेत म्हटले असले तरी मुद्दा तोच आहे. भूपट्टाच्या पोटातला ताण आणि मेगाथ्रस्टवरचा ताण यांची खाती वेगळी असतात. थोरल्या भावाने आपले कर्ज फेडले म्हणून धाकट्याच्या नावावरची थकबाकी कमी होत नाही. मेगाथ्रस्टवरची थकबाकी म्हणजे दोन भूपट्टांमधले न झालेले सरकणे, आणि ते त्याच पृष्ठावर कधी ना कधी व्हावेच लागते. खालचा भूपट्ट मधोमध तडकला तरी त्या पृष्ठावरच्या सरकण्याची भरपाई होत नाही.

शिवाय साधे गणितही पाहावे. भूकंपाच्या निर्देशांकाची एक पायरी म्हणजे सुमारे ३२ पट ऊर्जा. ७.१ आणि ९.० यांच्यात १.९ पायऱ्यांचे अंतर आहे, म्हणजे ऊर्जेत सुमारे ७०० पटींचा फरक. सगळी खाती एकच आहेत असे क्षणभर मानले, तरी एका महाभूकंपाचा ताण किरकोळ हप्त्यांत फेडायला ७.१ चे ७०० भूकंप लागतील. तेवढे हप्ते सोसणारे गाव कुठे शिल्लक राहणार?

सागरगोटा
आपण उदाहरण मागितले आहे, तर पाडांगचे घ्या. ३० सप्टेंबर २००९ रोजी सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर ७.६ चा भूकंप झाला. त्याची नाभी, म्हणजे तो जिथे सुरू झाला ती जागा, सुमारे ८० किलोमीटर खोल, म्हणजे खाली शिरणाऱ्या भूपट्टाच्या आत होती. अकराशेहून अधिक माणसे गेली. त्या भागात सगळ्यांना धास्ती होती ती मेंतावाई बेटांखालच्या मेगाथ्रस्टची, कारण सिबेरुत बेटाखालचा तुकडा १७९७ नंतर मोठ्या प्रमाणावर सुटलेला नाही. त्यामुळे "हाच का तो भूकंप?" हा पहिला प्रश्न होता आणि अभ्यासकांचे उत्तर स्पष्ट नकारार्थी होते: सिबेरुतखालचा ताण या भूकंपाने सुटलेला नाही, धोका होता तसाच आहे. "ताण निघून गेला" हे वाक्य अशा ठिकाणी नुसते चुकीचे नसते, ते घातक असते.

फिरस्ती
मी भूविज्ञानातली नाही, पण १९ सप्टेंबर २०१७ रोजी कामानिमित्त मेक्सिको सिटीत होते, म्हणून लिहिते.

१९८५ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ त्या दिवशी सकाळी अकरा वाजता शहरभर सराव होता. भोंगे वाजले, आम्ही पाचव्या मजल्यावरून रांगेने खाली उतरलो, रस्त्यावर उभे राहून गप्पा मारल्या आणि वर आलो. दुपारी सव्वा वाजता जमीन आधी खालून वर अशी उसळली. माझ्या समोरच्या टेबलावरची पाण्याची बाटली आडवी न पडता उभीच उडाली आणि पुन्हा उभीच टेकली, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसते. भोंगा आणि हादरा जवळजवळ एकत्रच आले. दारापर्यंत पोचते तोवर आडवे हेलकावे सुरू झाले आणि मग चालणे शक्यच नव्हते. साडेतीनशेहून अधिक लोक त्या भूकंपात गेले.

बारा दिवस आधी, ७ सप्टेंबरच्या रात्री, तेहुआंतेपेकजवळ ८.२ चा भूकंप झाला होता. तेव्हा भोंगा हादऱ्याच्या मिनिटभराहून अधिक आधी वाजला होता आणि आम्ही सगळे शांतपणे बाहेर आलो होतो. त्यानंतर जो भेटेल तो हेच म्हणत होता, की आता मोठा होऊन गेला, काही वर्षे तरी काळजी नाही. माझा प्रश्न असा, की हे दोन्ही भूकंप खालच्या भूपट्टातले होते असे नंतर वाचले. मग पहिल्याने दुसरा घडवला का?

खडकमाळ
फिरस्तीताई, आपला अनुभव वाचून अंगावर काटा आला. आधी उभा धक्का आणि नंतर आडवे हेलकावे हा क्रम अगदी बरोबर आहे. दाबाच्या लाटा वेगवान असल्याने आधी पोचतात आणि खालून येणाऱ्या भूकंपात त्या उभ्याच जाणवतात. नाभी शहरापासून जेमतेम १२० किलोमीटरवर आणि पन्नासहून अधिक किलोमीटर खोल होती, म्हणून दोन्ही लाटांमध्ये साधारण पंधरा सेकंदांचेच अंतर राहिले. इशाऱ्याला वेळ मिळाला नाही तो त्यामुळेच.

आपल्या प्रश्नाचे उत्तर: दोन्ही भूकंप कोकोस भूपट्टाच्या आतले आणि दोन्ही भूपट्ट ताणला जाऊन तडकल्याचे होते. परंतु त्यांच्यात सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे अंतर होते. विभंग सरकल्यामुळे आजूबाजूच्या खडकात कायमचा राहणारा ताणातला बदल अंतराच्या साधारण घनाच्या प्रमाणात ओसरतो. अंतर दहापट झाले की परिणाम हजारपटीने कमी. एवढ्या अंतरावर तो बदल नगण्य होता.

चावडीवरचा
१९८५, २०१७ आणि पुन्हा २०२२, तिन्ही वेळा १९ सप्टेंबर. भूपट्टाच्या आतले ताण वगैरे ठीक आहे, पण तो दिनदर्शिका पाहून हलतो याचे स्पष्टीकरण कोणी देईल का?

खडकमाळ
चावडीवरचा, त्या तिघांपैकी १९८५ चा आणि २०२२ चा हे दोन्ही मेगाथ्रस्टवरचे आणि २०१७ चा भूपट्टाच्या पोटातला, म्हणजे जातही एक नाही. मोठे भूकंप वारंवार होणाऱ्या देशात तारखांचा असा योग कधीतरी जुळतो, आणि जुळला तेवढाच लक्षात राहतो. उरलेल्या तारखांची कोणी आठवण काढत नाही.

गारखडा
ताणाचा हिशेब मांडतो, कारण आतापर्यंतची चर्चा "वाढतो" आणि "घटतो" या दोनच शब्दांवर चालली आहे. विभंगाचे सरकणे दोन गोष्टींवर ठरते. त्याला सरकवणारा आडवा जोर किती वाढला ही एक, आणि त्याला आवळून धरणारा दाब किती कमी झाला ही दुसरी. दोन्ही एकत्र धरून जो आकडा येतो त्याला कूलोम ताणातला बदल म्हणतात. आता गंमत अशी, की खालचा भूपट्ट तडकतो तेव्हा वरच्या मेगाथ्रस्टच्या एका पट्ट्यात हा आकडा धन येतो आणि लगतच्या पट्ट्यात ऋण. तडक कोणत्या कोनात गेली, ती मेगाथ्रस्टच्या किती जवळ थांबली आणि मेगाथ्रस्टचा न सरकता अडकून बसलेला, जखडलेला भाग तिच्या वर आहे की बाजूला, यावर सगळे अवलंबून आहे. त्यामुळे धागाकर्त्यांच्या प्रश्नाला "मोकळा" किंवा "ताणलेला" असे एका शब्दाचे उत्तर मिळणारच नाही. एकाच भूकंपाने एकाच विभंगाचा काही भाग मोकळा होतो आणि काही भाग ताणला जातो.

आकड्यांचा आवाका किती? एरवी मोठ्या भूकंपात विभंगावरचा ताण साधारण दहा ते शंभर बारनी उतरतो. शेजारी पोचणारा बदल मात्र बहुधा एक बार किंवा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. एक बार म्हणजे दहा मीटर खोल पाण्याचा दाब. पोहणारा माणूसही तो सहज सोसतो. समजा, एखाद्या मेगाथ्रस्टवर ३०० वर्षांत ३० बार ताण साचतो. त्यावर एक बार वरून पडला तर त्याचे घड्याळ दहा वर्षांनी पुढे गेले. या ३०० वर्षांच्या चक्राच्या सुरुवातीलाच हे घडले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. २९९ व्या वर्षी घडले तर मात्र आजचा दिवस उद्यावर जाणार नाही.

विद्यार्थ्यांना दाखवायला आम्ही एक प्रयोग करत असू. टेबलावर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवायचा, त्यावर वीट ठेवायची, विटेला दोरीने ताणकाटा अडकवायचा आणि तो सावकाश ओढायचा. वीट कोणत्या आकड्याला सुटते ते पाहून ठेवायचे. मग त्याच्या निम्म्यावर थांबून टेबलाला खालून ठोसा द्यायचा. वीट ढिम्म हलत नाही. सुटण्याच्या बेतात असताना तेवढाच ठोसा दिला की वीट सुटते. ठोसा तोच असतो.

अर्धविराम
गारखडा यांचा प्रयोग छान आहे, पण त्यात एक गोष्ट निसटते. तिथे ठोसा देणारा हात विटेपासून स्वतंत्र आहे. सबडक्शनमध्ये, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तिथे, तसे नसते. मेगाथ्रस्ट जखडलेला असतो तेव्हा खाली लोंबणारा भूपट्ट स्वतःच्या वजनाने ओढत राहतो आणि वरचे टोक अडकून पडलेले असते. त्यामुळे मधला भाग ताणला जातो. वर जितका काळ अडकले राहील तितका खालचा ताण वाढेल. म्हणजे मेगाथ्रस्टच्या चक्राच्या उत्तरार्धात खोल भागातले ताणाचे भूकंप वाढणे हा त्या जखडण्याचाच परिणाम असू शकतो. ताप आला म्हणून आजार झाला असे आपण म्हणत नाही.

मिशेल बूशाँ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये चिलीतील मौले (२०१०, ८.८), जपानमधील तोहोकू (२०११, ९.०) आणि चिलीतीलच इकीके (२०१४, ८.१) या तिन्ही महाभूकंपांच्या आधीच्या नोंदी तपासल्या. मेगाथ्रस्टलगतचे उथळ भूकंप आणि खाली उतरणाऱ्या भागातले खोल भूकंप त्या काळात एकमेकांच्या जोडीने वाढत होते, असे त्यांनी दाखवले. त्यांचे म्हणणे असे, की आख्खा भूपट्टच थोडा खाली ओढला जात होता. हे खरे असेल तर खोल भूकंपाने मेगाथ्रस्टला "ढकलले" हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. दोघांनाही ओढणारा एकच.

गारखडा
अर्धविराम, मान्य, पण पूर्ण नाही. इकीकेच्याच परिसरात १३ जून २००५ रोजी तारापाका येथे सुमारे १०० किलोमीटर खोलीवर ७.८ चा भूकंप झाला होता. त्यानंतर त्या टापूतल्या उथळ भूकंपांचा दर वाढला आणि तो वाढलेलाच राहिला. नऊ वर्षांनी मेगाथ्रस्ट सुटला. ताप नुसता आजार सांगतो हे खरे, पण अंगात मुरलेला ताप माणसाला खचवतोही.

सागरगोटा
दोघांच्या मधली एक वाट राहून गेली आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: मंद सरकण. मेगाथ्रस्टचा जखडलेल्या भागाखालचा पट्टा अधूनमधून काही दिवस किंवा काही महिने कोणालाही न जाणवता सरकतो. ना आवाज, ना हादरा. फक्त जीपीएसचे खांब काही मिलिमीटर ते सेंटीमीटर उलट्या दिशेने चालू लागतात. हा पट्टा इतका नाजूक असतो, की दूरवरच्या भूकंपाच्या लाटांनीही तो चाळवतो. न्यूझीलंडमध्ये डिसेंबर २००७ मध्ये गिस्बर्नजवळ भूपट्टाच्या आत भूकंप झाला आणि लागलीच मंद सरकण सुरू झाली. २०१६ च्या कायकोउरा भूकंपानंतर, जरी तो वेगळ्या जातीचा होता तरी, शेकडो किलोमीटर उत्तरेला हिकुरांगी मेगाथ्रस्टवर मोठी मंद सरकण झाली.

मेक्सिकोत नेमके हेच पाहायला मिळाले. तेहुआंतेपेकच्या भूकंपानंतर ओआहाका आणि गुएरेरो या भागांतल्या मंद सरकणीचा नेहमीचा क्रम विस्कटला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी पिनोतेपा येथे मेगाथ्रस्टवर ७.२ चा भूकंप झाला तेव्हा ओआहाकाखाली मंद सरकण चालूच होती. व्हिक्टर क्रूझ-अतियेन्झा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही साखळी मांडली. फिरस्तीताईंनी विचारले होते, की पहिल्याने दुसरा घडवला का. थेट ताण इतक्या लांब पोचत नाही हे खडकमाळ यांचे गणित बरोबरच आहे, पण मेगाथ्रस्टवर पोचायला हा आडमार्ग होता. खोल भूकंपाने मंद पट्टा चाळवला आणि मंद पट्ट्याने जखडलेल्या भागावर ओझे टाकले. यात महिने जातात, म्हणून लगेच काही घडले नाही म्हणजे संबंध नाही असे समजणे धोक्याचे आहे.

उल्कापात
मग सरळ सांगा ना. २४ मे २०१३ रोजी ओखोत्स्क समुद्राखाली ६०९ किलोमीटर खोलीवर ८.३ चा भूकंप झाला, मॉस्कोपर्यंत जाणवला. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच भूपट्टाच्या काठावर कामचात्काला ८.८ चा मेगाथ्रस्ट सुटला. बारा वर्षे लागली, पण हिशेब पूर्ण झाला.

गारखडा
उल्कापात, बारा वर्षांत कुठलाही हिशेब पूर्ण करता येतो. कामचात्काच्या त्याच पट्ट्यात ४ नोव्हेंबर १९५२ रोजी ९.० चा भूकंप झाला होता. तिथे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटर सरकतो. ७३ वर्षांत जवळपास सहा मीटर थकबाकी झाली. ८.८ च्या भूकंपाला तेवढी पुरेशी आहे, त्याला ओखोत्स्कच्या शिफारसपत्राची गरज नव्हती. खडकमाळ यांनी वर दिलेला घनाचा नियम इथे लावा: मेगाथ्रस्टचा जखडलेला भाग पृष्ठापासून साधारण ५० किलोमीटरच्या आत, आणि हा भूकंप त्याच्याही साडेपाचशे किलोमीटर खाली.

रिकामा_वाफा
उल्कापात यांचे नावच सांगते, की त्यांना दुरून येऊन आदळणाऱ्या कारणांची आवड आहे.

उल्कापात
हरलो. पण एक शंका उरतेच: एवढ्या खोल दाबात खडक तडकतो तरी कसा? तिथे तर तो मऊ होऊन वाहायला हवा.

अर्धविराम
शंका रास्त आहे. १९२८ मध्ये कियो वादाती यांनी खोल भूकंपांचे अस्तित्व पक्के केले तेव्हापासून ती विचारली जाते. साधारण ३०० किलोमीटरपर्यंत पाण्याकडे बोट दाखवले जाते. भूपट्ट समुद्रातून उतरताना सर्पेंटाइनसारख्या खनिजांत पाणी बांधून नेतो, खाली उष्णतेने ते सुटते आणि खडक ठिसूळ झाल्यासारखा वागतो. त्याहून खोल, ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक दाबाखाली नवे रूप घेतात तेव्हा ती रूपांतरेच भेगेसारखी धावतात, असा एक विचार आहे. एक बाब इथे उपयोगी पडेल: खोल भूकंपांचे पश्चातधक्के सहसा फार कमी असतात. ज्याला स्वतःच्या अवतीभवतीचाच खडक फारसा चाळवता येत नाही, तो दूरच्या मेगाथ्रस्टला कितपत चाळवणार?

ओळंबा
मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो, म्हणून मला हा सगळा धागा थोडा एकांगी वाटतो. शेजारी झोपलेल्या राक्षसाची चर्चा करताना, खोल भूकंप हाच स्वतः किती मोठा मारेकरी आहे ते आपण विसरतो. २४ जानेवारी १९३९ चा चिलीतील चियानचा भूकंप भूपट्टाच्या आतला होता आणि त्यात हजारो माणसे गेली. ३१ मे १९७० चा पेरूचा ७.९ चा भूकंपही त्याच जातीचा. त्यात उआस्कारान शिखरावरून सुटलेला बर्फ आणि दगडांचा लोंढा युंगाय शहरावर कोसळला. मेगाथ्रस्ट बहुधा समुद्राखाली असतो, हे भूकंप मात्र थेट वस्तीच्या खाली येतात. त्यांच्या हादऱ्यांत जलद कंपने अधिक असतात आणि ती कमी उंचीच्या, जड भिंतींच्या घरांना सोसत नाहीत. मला नकाशा मिळतो तेव्हा मी दोन्ही जाती वेगळ्या धरून आराखडा करतो. एकाने दुसऱ्याला जागे केले की नाही, याने माझ्या सळईची जाडी बदलत नाही.

सागरगोटा
ओळंबा, सळईची जाडी नाही बदलत, पण पुढच्या सहा महिन्यांत लोकांना काय सांगायचे ते बदलते.

तळठाव
सर्वांचे प्रतिसाद सावकाश वाचले. विहिरीचा दृष्टान्त मी मागे घेतो. कॅस्केडियाचे उदाहरणही माझ्या बाजूने नव्हते हे आता कळले. १९४९, १९६५ आणि २००१, असे तीन मोठे खोल भूकंप त्या परिसरात झाले आणि मेगाथ्रस्ट तिन्ही वेळा हलला नाही. पण याचा अर्थ त्याचा ताण उतरला असा नसून, तो त्या वेळी सुटण्याच्या बेतात नव्हता एवढाच असू शकतो.

काल रविवारी विटेचा प्रयोग करून पाहिला. माझी वीट साधारण दोन किलोंच्या ओढीला सुटते. एक किलोवर थांबवून दहा वेळा टेबलाला खालून ठोसा दिला. एकदाही हलली नाही. सुटण्याच्या अगदी जवळ थांबवून दहा वेळा दिला, तर सात वेळा सुटली. मला चकित केले ते त्या सातांपैकी दोन वेळांनी: ठोसा दिला, काही झाले नाही, मी हात मागे घेऊन काट्याकडे पाहत बसलो आणि पाच-सहा सेकंदांनी वीट आपोआप सरकली. गारखडा, हे चुकीने झाले की असेच होते?

गारखडा
असेच होते. ठोशाने खालचे खरखरीत कण थोडे चुरडले जातात, वीट केसभर सरकत राहते आणि मग सुटते. त्या पाच-सहा सेकंदांत काटा किंचित उतरतो का ते पुढच्या रविवारी पाहा.